फॉरमॅटच्या वेळी झालेली मारहाण

विज्ञानाला न उमगलेली एक शक्ती या विश्वात वास करते आणि तिच्यापुढे माणूस क्षुद्र आहे... असं आमच्या ऑफिसातले सगळे इंजिनीअर मानत. तिला आम्ही व्होल्टेज म्हणायचो. मशीन जळली, डिस्क अडकली, सगळं तिच्या नावावर. याखेरीज दुसऱ्या अदृश्य शक्तीवर माझा विश्वास नव्हता. इथले भुताखेतांचे अनुभव वाचतानाही लेखक त्या दिवशी काय जेवला होता ते मी आधी शोधतो. माझ्या बाबतीत सांगून टाकतो — पोहे.

साल अठ्ठ्याऐंशी, एप्रिल महिना. मी सीताबर्डीतल्या एका छोट्या कंपनीत सर्व्हिस इंजिनीअर होतो. काटोल रोडवर, शहर संपता संपता, कापसाची एक जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरी होती. हंगाम संपलेला, यंत्रं बंद, फक्त ऑफिस चालू. तिथे एक पीसी-एक्सटी कॉम्प्युटर होता, वीस मेगाबाइटची हार्ड डिस्क. मॅनेजर देशकर साहेबांनी फीत कापून त्याचं उद्घाटन केलं होतं. त्या खोलीत चपला काढून शिरायचं. मॉनिटरच्या कपाळावर गंध, खंडेनवमीला झेंडूचा हार. एकदा फ्लॉपी ड्राइव्ह बंद पडला म्हणून गेलो, तर आतून अक्षता निघाल्या.

या वेळचा निरोप होता — डिस्क फॉरमॅट करून द्या. म्हणजे सगळं पुसून कोरी करायची.

सकाळी साडेअकराला पोचलो तेव्हा व्हरांड्यात हजेरी क्लार्क रामटेके उभे होते. पन्नाशीचे, काडीसारखे, टेबलावर मुंगी दिसली तर फाइल उचलून तिला वाट देणारे. पायरीवर एक बाई बसली होती. रामटेकेंनी मला चहाच्या निमित्ताने बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं.

बाईचं नाव कौसल्या. तिचा नवरा माणिक फेब्रुवारीत कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसमध्ये सापडला. काढला तेव्हा त्याच्या छातीची जाडी वहीएवढी उरली होती. फॅक्टरीने लिहून दिलं की त्या दिवशी तो कामावर नव्हताच; भिंत चढून रुई चोरायला आला होता. फेब्रुवारीचं हजेरीचं मस्टर मार्चमध्ये वाळवीने खाल्लं. जानेवारीचं शाबूत, मार्चचं शाबूत. वाळवी मोठी निवडक होती. पण त्या सकाळची हजेरी रामटेकेंनी स्वतः कॉम्प्युटरमध्येही टाकली होती. ती आता फक्त तिथेच होती.

"बाईले दुसरं काही नाही पाहिजे," रामटेके म्हणाले. "तो कामावर होता, चोर नव्हता... एवढं कागदावर पाहिजे म्हणते. क्वार्टरमधल्या बाया तिले नळावर पाणी भरू देऊन नाही राहिल्या."

"मग प्रिंट काहून नाही काढला तुम्ही?"

"खोलीची किल्ली साहेबाजवळ. आज मले बोलावलं ते सही कराले. मशीन आपोआप बिघडली म्हणून."

हे ऐकून मी बॅग आपटली आणि परत फिरलो, असं लिहायला मला आवडलं असतं. मला त्या दिवशी आणखी चार कॉल होते. मी बूट काढले आणि आत गेलो.

बूट डिस्क घातली. ही फ्लॉपी मशीनला हार्ड डिस्कचा आधार न घेता जागं करते. कर्सर लुकलुकला, फॉरमॅटची आज्ञा टाइप केली, आणि मशीनने नेहमीप्रमाणे सभ्यपणे विचारलं — डिस्कवरची सगळी माहिती नष्ट होईल. पुढे जायचं का? वाय की एन?

"थांबा," माझ्या मागे उभे असलेले देशकर साहेब म्हणाले. "ते मी करतो." उद्घाटन त्यांचं, तर विसर्जनही त्यांचंच. त्यांनी सफारीची बाही नीट केली, उजव्या हाताचं बोट पुढे आणलं...

आणि माझ्या थोबाडीत मारली.

साधी चापट नव्हे. मी खुर्चीसकट कुलरवर आदळलो, कानात शिट्टी वाजली, ओठ दातावर फाटला. साहेब स्वतःच्या तळहाताकडे बघत होते, कोणीतरी तो त्यांना नुकताच बसवून दिल्यासारखा. "सॉरी," ते म्हणाले. "हे... काय झालं?" मी त्यांना पहिल्यांदाच भेटत नव्हतो, पण सॉरी पहिल्यांदा ऐकलं.

मग ते चिडले. सहीसाठी दारात थांबलेल्या रामटेकेंना म्हणाले, तुम्ही दाबा. रामटेके नाही म्हणाले. साहेबांनी नोकरीची आठवण करून दिली. रामटेके पुढे आले, हात कीबोर्डवर नेला, आणि तोच हात शेजारचं कागदाला भोकं पाडायचं लोखंडी पंचिंग मशीन घेऊन साहेबांच्या तोंडावर बसला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. रक्ताची चिळकांडी स्क्रीनवर उडाली. पुढचे दोन दात 'वाय' आणि 'यू'च्या फटीत जाऊन पडले. रामटेके भिंतीला टेकले, पंचिंग मशीन अजून मुठीत.

"दाब!" साहेब जमिनीवरून माझ्याकडे बघून फेसाळत होते. "तू दाब!"

मी ठरवलं की हा तमाशा संपवायचा. वायवर बोट ठेवणं एवढंच काम होतं. मी बोट पुढे नेलं, इथपर्यंत मला नक्की आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते असं की साहेबांच्या पाठीत माझा गुडघा होता, टेलिफोनची वायर त्यांच्या गळ्याला दोन वेढे देऊन माझ्या मुठीत होती, आणि मी ती ओढत होतो. त्यांचा चेहरा जांभळा पडला होता. मी आयुष्यात कोणावर हात उचलला नव्हता, आणि वाईट हे की मला थांबावंसं वाटत नव्हतं.

पायरीवरून धावत आत येऊन माझी मनगटं कोणीतरी धरली. कौसल्याबाई.

"सोडा जी भाऊ," ती म्हणाली. "मरून राहिला तो. हा बी असाच मेला, त माह्या माणसाचं कोण सांगन?"

मी सोडलं.

स्क्रीनवर प्रश्न तसाच होता. मी बूट डिस्क बाहेर काढली. ती काढताना काही झालं नाही. मशीन पुन्हा चालू केली, ती मुकाट हार्ड डिस्कवरून उठली. प्रिंटरची रिबन साहेबांच्या कपाटात होती; किल्ली त्यांनी स्वतःच खिशातून काढून दिली. हजेरीच्या दोन प्रती काढल्या. बाईला वाचता येत नव्हतं. रामटेकेंनी ओळीवर बोट ठेवून दाखवलं — माणिक, पहिली पाळी, हजर. "हे?" तिने विचारलं. हे. तिने कागद चार घड्या करून पोलक्यात ठेवला आणि गेली. पुढे चौकशीत तो ग्राह्य धरला गेला, चोरीचा आरोप खोडला गेला. ती नळावर पाणी भरते, असं रामटेकेंकडून कळलं.

इतकी वर्षं मी याचा अर्थ लावतो आहे. उन्हाळा होता, मान्य. रामटेकेंकडे कारण होतं. मीही ते ऐकलं होतं, आणि चार कॉलची लाज माझ्या पोटात कुठेतरी असेल. पण देशकर साहेबांनी मला का मारलं? मी तर त्यांचंच काम करत होतो. याचं उत्तर माझ्याकडे नाही, व्होल्टेजकडेही नाही.

पोलीस केस मात्र झाली नाही. साहेब दात बसवून झाल्यावर ठाण्यात गेले होते. पण मशीन आपल्या गैरहजेरीत बिघडली असं दिसावं म्हणून त्यांनी त्या तारखेचं मस्टर आधीच भरून ठेवलं होतं. कागदोपत्री साहेब त्या दिवशी रजा टाकून खाप्याला लग्नाला गेले होते.