दिगंबरचा फोटो आणि तालमीची भिंत

एका मंगळवारी दिगंबर गेला. सकाळी वाळूजला कामावर जायला त्यानं गाडी काढली, दारातच खाली बसला आणि उठला नाही. त्याच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा, फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं लावत होतो. हातातलं पुस्तक मी कुठल्या तरी कपाटात ठेवलं आणि निघालो. ते अजून सापडलेलं नाही...

आम्ही दोघं जुन्या शहरातल्या एकाच गल्लीतले. दोघांच्याही वडिलांनी आम्हाला एकाच तालमीत घातलं. मला ते जमणार नाही हे अण्णा वस्तादांच्या लवकरच लक्षात आलं, आणि त्यांनी मला कुस्तीच्या हौद्याच्या कट्ट्यावर बसून वाचायची मोकळीक दिली. दिगंबर मात्र मातीत रुजला. डाव शिकला की घामेजलेल्या अंगानं कट्ट्यापाशी यायचा. "काय रे पुस्तक्या, वाचून बी घाम येतो व्हय?" असं विचारायचा आणि माती लागलेला हात मुद्दाम माझ्या पानावर टेकवायचा. त्या तालमीच्या भिंतीवर गेलेल्या पैलवानांचे फोटो आहेत. सगळे छाती काढून, गदा खांद्यावर घेऊन उभे. एक दिवस तिथं आपलाही फोटो लागणार, हे दिगंबर इतक्या सहज बोलायचा की त्यात मरणही आहे हे आमच्या डोक्यात यायचं नाही.

पुढे तो उत्तरेत कुठंतरी टीव्हीवर दाखवतात तसली कुस्ती शिकायला गेला. परत आला तो काळा मुखवटा घेऊनच. यात्रा असो की कुठलं मैदान, दोरखंडाच्या चौकटीत तो दुष्ट माणूस व्हायचा, प्रेक्षकांना डिवचायचा आणि शेवटी हरायचा. कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असायचं. अशा ठरवून खेळलेल्या कुस्तीला आमच्याकडं 'नुरा' म्हणतात, आणि तालमीत ती शिवीच समजली जाते. अण्णांनी त्याला दारातच अडवलं. मी तिथंच होतो.

"मातीत पाय ठेवायचा नाय. तू पैलवान राहिला नाय, नट झालास."

"अण्णा, तुमच्या टायमाला यात्रेत बरोबरीत सोडवायच्या कुस्त्या आधी ठरत नव्हत्या का?"

"ठरत व्हत्या. पण हरायचं कुणी ठरवत नव्हतं."

दिगंबर दारातूनच मागं फिरला. मात्र त्यानंतर कामावर जाण्याआधी तो रोज तालमीच्या बाहेरच्या पायरीवर येऊन बसू लागला. चपला काढून बसायचा, आतली झटापट बघायचा आणि निघून जायचा. अण्णांनी त्याला आत बोलावलं नाही, आणि पायरीवरून उठवलंही नाही. दोघांपैकी कोण कुणाचं ऐकत होतं, हे मला कधी समजलं नाही.

त्याचा खेळ मी एकदाच पाहिला, वैजापूरला. त्याच्या जोडीदाराला दोरावरून त्याच्या अंगावर उडी घ्यायची होती. त्याचा पाय सटकला आणि तो डोकं खाली करून कोसळू लागला. ठरल्याप्रमाणे दिगंबरनं बाजूला पडायचं होतं, पण तो उलट पुढं सरकला. ते सगळं वजन त्यानं छातीवर घेतलं, दुसऱ्याच्या मानेखाली तळवा दिला आणि त्याला अलगद खाली टेकवलं. त्यात स्वतःचा खांदा निखळला. माझ्या मागची पोरं हसत होती. "नुरा है, बे, पुरा नुरा है!" दिगंबर उठला आणि तसल्या खांद्यानिशी त्यानं पुढची मारामारी करून दाखवली. ठरल्याप्रमाणे हरला.

परतीच्या गाडीत हात गळ्यात अडकवून तो माझ्या शेजारी बसला होता. मी विचारलं, "दिगू, ही युद्धकला म्हणायची का रे?"

"युद्ध कुठंय यात? समोरच्याला मारतोय असं दाखवायचं आन् त्याला खरचटू बी द्यायचं नाय. याला काय म्हणत्यात ते तूच सांग. वाचतोस तू."

मी वाचलं, आणि जास्तच गोंधळलो. कराटेत माणूस समोर कुणी नसताना हवेशी लढतो, तरी ती युद्धकला. मिरवणुकीत दांडपट्टा फिरतो तेव्हा कोण कुठं वाकणार हे आधी ठरलेलं असतं, तरी तो मर्दानी खेळ. तिथं कुणी नुरा म्हणून ओरडत नाही. मग दिगंबरनंच काय केलं होतं? पण त्याला आत घेतलं तर नाटकातली तलवारबाजीही आत येते, आणि मग दार नेमकं कुठं लावायचं... मी त्याला उत्तर देणार होतो. तो भेटला की म्हणायचा, "लागला का पत्ता?" मी म्हणायचो, बघतोय. त्याला घाई नव्हती, आणि मलाही वाटायचं की आपल्याकडं पुष्कळ वेळ आहे.

तेरावा झाल्यावर सुनंदावहिनी फ्रेम केलेला फोटो घेऊन तालमीत गेल्या. फोटो काळ्या मुखवट्यातला, जोडीदार त्याला डोक्यावरून फेकतोय तेव्हाचा. अण्णा आता फार थकलेत. त्यांनी फोटोवर ओझरती नजर टाकली आणि म्हणाले, "पोरी, भिंतीवर समदे उभे हायती. यो तर आपटला जातोय. पैलवान होता का यो? तुमच्या त्या पुस्तक्याला इचार. तो व्हय म्हणला तर लावतो." वहिनी तशाच माझ्याकडं आल्या आणि फोटो माझ्या टेबलावर ठेवला.

मला वाटलं, मार्ग सोपा आहे. माझ्याकडं दिगंबरचा लंगोटातला, ऐन उमेदीतला फोटो होता. तो अण्णांनी डोळे झाकून लावला असता. मी तो काढून वहिनींपुढं धरला. त्यांनी बराच वेळ पाहिला.

"चांगलाय. पण भाऊजी, ह्याला मी वळखतच नाय. माझा नवरा तो हाय, मुखवट्यातला. रोज त्याची पाठ शेकलीय मी. लावायचा तर तोच, नायतर राहू द्या."

मग तो फोटो माझ्या टेबलावरच राहिला. मी पुन्हा कोश काढले, पुन्हा मिटले. होय म्हणावं तर अण्णांनी आयुष्यभर जपलेलं काहीतरी मी एका शब्दात मोडतोय असं वाटे, आणि नाही म्हणायला तर तोंडच उघडत नव्हतं.

शेवटी गेल्या आठवड्यात काहीच न ठरवता मी फोटो घेऊन तालमीत गेलो. अण्णा कट्ट्यावर बसले होते. मी म्हणालो, "अण्णा, मला नाही सांगता येत."

"एवढं वाचून?"

"वाचलं म्हणूनच."

ते हसले. हात पुढं करून त्यांनी फोटो घेतला, उठून खिडकीपाशी गेले, चष्मा कपाळावर सरकवून काच नाकाजवळ आणली. बराच वेळ तसेच उभे राहिले. मला वाटलं, विसरले.

"पाठ कुठं टेकलीय याची?"

"काय?"

"पाठ रे. बघ की, पाठीच्या आन् खालच्या फळीच्या मधून उजेड दिसतोय. पाठ टेकली नाय तवर कुस्ती सुटत नाय, कुणी हरत नाय." त्यांनी आत वळून हातोडी मागवली.

खिळा ठोकून होईपर्यंत मी फोटो धरून उभा राहिलो. मग विचारलं, "म्हणजे ही कुस्तीच म्हणायची का, अण्णा?"

"ते मला काय इचारतोस," अण्णा म्हणाले. "पुस्तकं तू वाचतोस."

मला अजूनही ठाऊक नाही. बाहेरची पायरी सकाळी मोकळी असते. फोटो तालमीत आहे, रांगेत शेवटचा, खिडकीजवळ. बाकीचे सगळे गदा घेऊन उभे आहेत. दिगंबर हवेत आहे.