लोणीला ठेवलेल्या पाटल्या

दिगंबरपंत मला पहिल्यांदा भेटले ते अंगावर आदळूनच. कसब्याच्या बोळातून तेलाची घागर घेऊन ते असे सुटले होते, की निजामाच्या फौजेने त्यांच्याकडून पळायला शिकावे. घागर माझ्या डोक्यावर पालथी झाली. तेल वातावरचे होते. पुढे महिनाभर कसब्यातली कुत्री आणि संधिवाताचे म्हातारे माझ्यामागून रांगेने फिरत होते. पंतांनी माझी विचारपूस केली नाही. माझी शेंडी पिळून निघेल तेवढे तेल मात्र घागरीत परत घेतले.

त्याला कारण होते. पंत सरकारी दफ्तरात नकला करणारे कारकून. त्यांच्या वडिलांना, तात्यांना, अर्धांगवायू होऊन तीन वर्षे झाली होती. तेल, वैद्य, उचलून बसवायला ठेवलेला सोनबा, यांत पगार पंधरवड्यात संपे. पंतांची भिकबाळी गेली, शालजोडी गेली. उरल्या पत्नीच्या, मथुराबाईंच्या, माहेरून आलेल्या सोन्याच्या पाटल्या. उद्या आपण नसलो तर तिला तेवढाच आधार, हे पंतांना पक्के ठाऊक होते. आणि आपला हात कोनाड्यातल्या पेटीकडे जातो, हेही.

म्हणून ते एका शास्त्रीबुवांकडे गेले. बायकोच्या दागिन्याला हात लावला तर पाप लागते, एवढेच त्यांना ऐकायचे होते. शास्त्रीबुवांनी पोथी उघडली आणि मोठ्या उदारपणे सांगितले, की दुष्काळात किंवा आजारपणात नवऱ्याने स्त्रीधन घेतले तर ते परतही करावे लागत नाही. वर दक्षिणा घेतली.

तेव्हापासून पंतांना एका जागी बसवेना. नकला टाकून उठत, घरी जाऊन पेटी जागेवर आहे ना ते पाहत, आणि आहे म्हणून आणखी घाबरत. एका नकलेत त्यांनी घोड्यांच्या जागी पाटल्या लिहिल्या. कागदोपत्री पन्नास पाटल्या दाणावैरणीसह पागेकडे रवाना झाल्या.

शेवटी एका सकाळी पेटी काखेत मारून ते सहा कोस चालत लोणी काळभोरला मेहुण्याकडे गेले. स्वतःच्या सुरेख अक्षरात कागद लिहून दिला: पेटी फक्त मथुराबाईंच्या हाती द्यावी, आपण पाया पडलो तरी आपल्याला देऊ नये. मेहुणा गावचा कुलकर्णी. त्याने कागदावर चार साक्षी घातल्या आणि पंतांना जेवू घालून परत पाठवले.

घरी मथुराबाई तात्यांना पेज भरवत होत्या. सगळे ऐकून म्हणाल्या, “अहो, मला विचारायचं तरी.”

“तू हो म्हणाली असतीस,” पंत म्हणाले. “म्हणूनच नाही विचारलं.”

तात्यांच्या तोंडाची चालती बाजू जराशी हलली. ते हसले की पेज सांडली, कोणालाच कळले नाही.

आता पंत निवांत होतील असे मला वाटले होते. छे. सकाळी दफ्तर, दुपारी सावकारांची पत्रे, संध्याकाळी कीर्तनकारांना पदे उतरवून देणे. तेलाचा वास आला की मी बोळात भिंतीला चिकटून उभा राहू लागलो.

दोन वर्षांनी पंत तापाने चार दिवसांत गेले. सुतक फिटल्यावर मथुराबाईंनी लोणीला निरोप धाडला, आणि कागदात लिहिल्याप्रमाणे भावाने पेटी त्यांच्याच हाती दिली.

तात्या पुढे सहा वर्षे जगले. पाटल्या पहिल्याच वर्षी तेलात आणि सोनबाच्या पगारात गेल्या.