हरणाच्या मटणाची तर्री

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या दादाचे. आमच्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेच्या टोकाला आमचं मटणाचं दुकान आहे. आबा, म्हणजे आमचे वडील, चव्वेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी दुकानातच हार्ट अटॅकने गेले. मी पाचवीत होतो, दादा नववीत. तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी दादाने दुकान उघडलं आणि तो पुन्हा शाळेत गेला नाही. मी मात्र शिकत राहिलो, आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, आणि आज व्हर्जिनियात हर्नडनला सॉफ्टवेअरचं काम करतो. त्या सगळ्या वर्षांत दादाने मला सुरीला हात लावू दिला नाही. "दुकानात दिसलास तर तंगडं मोडीन," म्हणायचा. त्यामुळे खाटकाच्या घरात वाढूनही बोकडाचा खांदा कुठला आणि मांडी कुठली, हे मला धड सांगता येत नसे.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल बरंच वर गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वडील कशाने गेले?" मी सांगितलं. वयही सांगितलं. मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होतो. त्यांनी ते लिहून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "तीन महिने खाणं आणि चालणं सांभाळा, मग गोळीचं ठरवू. भाऊ आहे का? त्यालाही तपासून घ्यायला सांगा."

मी त्याच आठवड्यात दादाला फोन केला.

"मला काय धाड भरलीय?" दादा म्हणाला. "डॉक्टरकडे गेलं की रोग सापडतो. नाही गेलं तर नाही सापडत."

"दादा, आबा..."

"आबांचं राहू दे. असं कर, आधी तुझं खाली आणून दाखव. आणलंस, तर मी करतो तपासणी. लागली पैज."

"मी ऐकलंय बरं का, भावजी!" मागून वहिनीचा आवाज आला. "मी साक्षीदार!"

रविवारचं बकऱ्याचं मटण बंद करायचं म्हणजे आमच्या घरी सुतकच. पण नेमकं त्याच सुमारास शेजारचे गृहस्थ दारात उभे राहिले. आयुष्यभर शाळेची बस चालवून ते निवृत्त झालेत आणि दर नोव्हेंबरला पश्चिमेकडच्या डोंगरात शिकारीला जातात. त्यांच्या हातात पांढऱ्या कागदात गुंडाळलेला हरणाचा अख्खा मागचा पाय होता. आमची हरणांशी ओळख एवढीच, की परसात लावलेली मेथी ती दरवर्षी मातीपर्यंत खाऊन जातात.

"त्यांनी तुमची भाजी खाल्ली," शेजारी म्हणाले, "आता तुमची पाळी. आणि यात चरबी जवळजवळ नसते."

बायकोने आधी क्लिनिकमधल्या आहारतज्ज्ञ मुलीला मेसेज करून विचारलं. उत्तर आलं, जरूर खा, बेताने खा आणि अर्धं ताट भाजीचं असू दे. मग मी शनिवारी सकाळी, म्हणजे गावाकडच्या संध्याकाळी, दादाला व्हिडिओ कॉल लावला.

"हे काय आणलंस?"

"हरणाचा पाय."

स्क्रीन एकदम काळी झाली. दादाने फोन छातीशी धरला होता. "हळू बोल! दुकानात गिऱ्हाईक आहे. वनखातं उचलून नेईल मला!"

"दादा, इथे लायसन्स काढून शिकार करतात."

"तिथे करत असतील. फोन तर माझ्या हातात आहे ना!"

दोन मिनिटांनी तो दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बसला आणि मग त्याचे डोळे चमकायला लागले. त्याने पाय चारी बाजूंनी फिरवून दाखवायला लावला. "काय जनावर आहे! सगळा पळून कमावलेला गोळा आहे. आता सांधा शोध. दाबू नको, सुरी ओढ. हाडाच्या कडेकडेने जा. अरे अंगठा! अंगठा रश्श्यात नाही घालायचा." वरचा पांढरा चकाकणारा पापुद्रा त्याने मला चिमटीत धरून सोलायला लावला, कारण तो शिजून मऊ होत नाही. तासाभराने परातीत मटण एकीकडे आणि हाडं एकीकडे झाली. दादाने परात स्क्रीनजवळ धरायला लावली. मग म्हणाला, "हात बरा आहे की रे तुझा." पदवीच्या दिवशीसुद्धा मी इतका फुललो नव्हतो.

पण इथूनच घोटाळा झाला.

"याला चरबीच नाही," दादा परातीकडे बघून म्हणाला. "तर्री कशी येणार?"

तर्री म्हणजे रश्श्यावर तरंगणारा लालभडक तेलाचा थर. आमच्याकडे पाहुणा आधी तो बघतो, मग मटण.

"नाही आली तर काय बिघडलं?"

"खाटकाच्या घरचं मटण आणि तर्री नाही? आबा वरून बघतायत. दोन पळ्या तेल जास्त घाल आणि सुकं खोबरं तेलातच परतून घे."

मी घातलं. वर बोकडाच्या हिशोबाने कुकरच्या सहा शिट्ट्याही काढल्या. मटणाची सुतळी झाली, पण तर्री अशी आली की बोट बुडवलं तर नखापर्यंत लाल. भाकरी चुरून, वर ओतून आम्ही चाटूनपुसून खाल्लं. मुलगी म्हणाली, "बाबा, मीट इज टेरिबल, बट द रेड स्टफ इज अमेझिंग." शेजारी अधूनमधून मटणाची पाकिटं देत राहिले आणि आम्ही जवळजवळ दर रविवारी हे पथ्याचं जेवण करत राहिलो. मी मनापासून समजत होतो की माझं उत्तम चाललंय.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. आकडा जागचा हलला नव्हता. उलट किंचित वरच सरकला होता.

"जिंकलो!" दादा फोनवर ओरडला. मला हसू येईना. पैज हरलो याचं वाईट नव्हतं. आता हा कधीच तपासणार नाही, याची भीती होती. वहिनीने फोन हिसकावला. "भावजी, तीन महिने वाढवून दिले. मी साक्षीदार आहे, माझा निकाल चालतो."

डॉक्टरीणबाईंनीही गोळीआधी आणखी तीन महिने दिले, म्हणून मी आहारतज्ज्ञ मुलीला भेटायला गेलो आणि तिला रविवारच्या ताटाचा फोटो दाखवला. तिने फोन जवळ धरला, लांब धरला.

"हे लाल काय आहे?"

मी तिला तर्री समजावून सांगितली. पाहुणे, घराण्याची अब्रू, सगळं. तिने अगदी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या हरणाने आयुष्यभर धावून चरबी घालवली," ती म्हणाली, "आणि तुम्ही ती परत घातलीत."

त्यानंतर मी शिस्तीने शिकलो. पाठीचे कोवळे तुकडे शेजाऱ्यांनी त्यांच्या अंगणात तव्यावर भाजून दाखवले. बाहेरून खरपूस, आतून रसरशीत, मिनिटांचं काम. मांडीच्या मटणाला मी आदल्या दिवशी दही आणि कच्च्या पपईचा कीस लावू लागलो. ती युक्ती दादाचीच, म्हाताऱ्या बोकडासाठीची. पातेल्यात, झाकणावर पाणी ठेवून, मंद आचेवर दोन तास. तेल मोजून एक चमचा. खोबरं कोरडंच भाजायचं, तेही चिमूटभर. ताटात आधी पालक किंवा मेथी, काकडीची कोशिंबीर, वरण आणि ज्वारीची भाकरी, आणि उरलेल्या जागेत मटण. पहिल्या रविवारी रश्श्याकडे बघून मला खरंच ओशाळल्यासारखं झालं. पण घास घेतला तेव्हा कळलं की इतके दिवस मी फक्त तेल आणि तिखट खात होतो. मटणाला स्वतःची चव होती, थोडी रानटी, थोडी गोडसर. आठवड्यातून एकदाच हे जेवण, एरवी डाळी, उसळी, मासे आणि रोज संध्याकाळी तळ्याभोवती फेरी.

पुढचा रिपोर्ट आला आणि आकडा खाली होता. अगदी ठरलेल्या रेषेखाली नाही, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी सध्या नको, असंच चालू ठेवा. हे श्रेय एकट्या हरणाचं नाही, हे मला ठाऊक आहे.

मी दादाला लगेच फोन केला. "काय म्हणतोस? रेंज नाही रे," म्हणून त्याने ठेवला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा रेंज गेली. वहिनीने हळूच कळवलं, "घाबरलेत. दुसरं काही नाही." मग मी पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं.

"दादा,

चष्मा दुकानात राहिला असेल तर हे वहिनीकडून वाचून घे. कागदाला रेंज लागत नाही.

सोबत माझ्या शेवटच्या दोन रिपोर्टची झेरॉक्स आहे. एक तुझ्या तर्रीचा, दुसरा तर्रीशिवायचा. पैज मी जिंकलोय.

तू घाबरलायस हे मला कळतं. मीही घाबरलो होतो. अगदी पहिल्या रिपोर्टनंतर दोन दिवस मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. पण आकडा कळल्यावर भीती कमी होते, कारण मग काहीतरी करता येतं. स्वयंपाक तर करता येतोच.

मी शिकलो ते तुझ्यामुळे. तू शाळा सोडलीस त्या वेळी मी लहान होतो, तुला नको म्हणायची मला अक्कल नव्हती, आणि तू मला विचारलंही नाहीस. त्याची परतफेड होत नाही, मी करूही बघत नाही. मला फक्त तू हवा आहेस. आबांच्या वयापुढे आपण दोघंही आलो आहोत. आपल्या घरातला पुरुष म्हातारा कसा दिसतो ते आपल्यापैकी कोणी पाहिलेलं नाही. मला तुला म्हातारा झालेला बघायचंय, टक्कल पडलेला, कवळी लावलेला, वहिनीवर उगाच खेकसणारा.

सोमवारी दुकान बंद असतं. रविवारी रात्री आठनंतर काही खाऊ नकोस, पाणी चालेल. सकाळी वहिनी तुझ्याबरोबर येईल, तिच्याशी मी बोललोय. सुई टोचताना दुसरीकडे बघ. रोज एवढी सुरी चालवणारा माणूस सुईला घाबरतो हे लॅबवाल्याला सांगणार नाही.

रिपोर्ट आला की आधी फोटो काढून पाठव. शिव्या नंतर दे."