गोळी न देणारे डॉक्टर जावई

तर शेजारच्या वकिलीणबाई खोकत खोकत आमच्या दारात आल्या, इथवर काल आलो होतो. डॉक्टर जावई सासुरवाडीला आलेला असताना साध्या खोकल्यासाठी दवाखान्यात रांग कोण लावील? बाईंनी बसल्याबरोबर मोठा आ केला. जावईबापूंनी घशात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "स्वयंपाकघराची खिडकी उघडते का तुमच्या?"

बाई चक्रावल्या. पण विचारलंच आहे म्हटल्यावर सांगू लागल्या. खिडकीपुढे कपाट आहे, कपाट जाऊबाईंचं आहे, जाऊबाई मूळच्याच तिरसट. जावईबापू मान डोलावत सगळं ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "छाती एकदा दवाखान्यात तपासून घ्या. आणि ते कपाट हलवा."

बाई दारातून बाहेर पडता पडता आमच्या हिला म्हणाल्या, "एक गोळी सुटली नाही हो तुमच्या जावयाच्या हातून! फुकट मागितली म्हणून की काय?"

ते कपाट अजून तिथंच आहे. खोकलाही तिथंच आहे.

आता जावईबापूंची बाजू सांगतो. ते डॉक्टर खरे, पण डॉक्टरांना शिकवणारे. त्यांचा विषय प्राथमिक आरोग्यसेवा. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, प्राथमिक म्हणजे पहिली ते चौथी. मी स्वतः सातवी पास, तेव्हा मनातल्या मनात जरा ऐसपैस बसलो. मग कळलं की हे डॉक्टर किंवा नर्स झाल्यावर, दहा गावचं पाणी पिऊन आल्यावर शिकायचं असतं. जिथं मोठं हॉस्पिटल नाही तिथं माणसाला आजारी पडण्याआधी आणि पडल्यानंतर कसं सांभाळायचं, याचं शिक्षण. शिवाय वर्ग आंतरराष्ट्रीय. विद्यार्थी देशोदेशीचे आणि सगळे पडद्यावर. जावईबापू स्वतः मात्र विमानात कधी बसलेले नाहीत. हौसेनं पासपोर्ट काढला होता, त्याची मुदत ट्रंकेत पडल्या पडल्या संपली.

एकदा मी आणि ही त्यांचं कॉलेज बघायला गेलो. मला वाटलं, आंतरराष्ट्रीय म्हणजे काचेची इमारत असेल. निघाली हॉस्पिटलच्या धोबीखान्यामागची खोली. पूर्वी तिथं चादरी ठेवायचे, त्यामुळे भिंतीला अजून फळ्या, आणि फळ्यांवर पुस्तकं. खिडकीतून ॲम्ब्युलन्सचं तोंड दिसायचं. टेबलावर चार जाडजूड ग्रंथ, ग्रंथांवर लॅपटॉप आणि लॅपटॉपमध्ये सगळं जग. एका चौकटीतली नर्स स्वेटर घालून कुडकुडत होती, एका डॉक्टरच्या मागून कोंबडी चालली होती, एक जण उभ्या जीपमध्ये बसून शिकत होता. एकाची सकाळ, दुसऱ्याची झोपायची वेळ. मी नमस्कार केला, तर सगळ्या चौकटींनी उलटा नमस्कार केला. मला तर फारच आवडलं ते.

शिकवणारे तिघे. प्रमुख मॅडम, आकडेशास्त्राचे सर आणि आमचे जावईबापू. आकड्यांच्या सरांना सगळे 'टक्के' म्हणतात, कारण ते चहासुद्धा अर्धा न मागता पन्नास टक्के मागतात. या तिघांच्या वर्गाचा पहिला नियम एकच. पेशंट बोलत असताना त्याला मध्ये तोडायचं नाही. बोलू द्यायचं, पार शेवटपर्यंत, कारण माणूस खरं दुखणं उठता उठता सांगतो. विद्यार्थ्यांना हा नियम घोटून घोटून शिकवतात. आणि या तिघांची मीटिंग मी ऐकली आहे. तिघंही एकाच वेळी बोलतात.

पण वर्गावर संक्रांत आली. हॉस्पिटलला स्कॅनिंगचं नवं मशीन आणायचं होतं. त्याला जागा हवी, आणि वरच्या लोकांची नजर धोबीखान्यामागे गेली. वर्ष वर्ष ऐकायला काय शिकवता, असं कोणीतरी विचारलं. वर्ग ठेवायचा की बंद करायचा हे ठरवायला समिती येणार होती. वर्ग बंद म्हणजे मॅडम निवृत्त, टक्केसर दुसऱ्या खात्यात आणि जावईबापू घरी. लेक आमची फोनवर नुसती "बरंय बाबा, बरंय" म्हणत राहिली. तेव्हाच आम्ही दोघं लेकीकडे जाऊन राहिलो.

समितीपुढे एक धडा घेऊन दाखवायचा होता. जावईबापूंच्या वर्गात खोटा पेशंट आणायची पद्धत आहे. ठरलेली गोष्ट पाठ करून एक बाई यायची, पडद्यावरच्या विद्यार्थ्यानं तिला प्रश्न विचारायचे. नेमकी ती बाई त्या दिवशी खरीच आजारी पडली. जावईबापूंचा चेहरा उतरला. तेवढ्यात आमची ही म्हणाली, "मी होते की पेशंट."

शाळेच्या नाटकात हिला झाडाचं काम मिळालं होतं. तेव्हापासून ही संधीची वाट बघत होती.

गोष्ट अशी होती. म्हातारी डोकं दुखतंय म्हणून येते. पण खरी गोष्ट निराळीच. तिला नीट दिसेनासं झालंय, नवऱ्याच्या गोळ्यांची पाकिटं वाचता येत नाहीत, आणि आपण त्याला चुकीची गोळी दिली अशी धास्ती तिनं घेतली आहे. हे तिनं अगदी शेवटी सांगायचं, तेही समोरच्यानं धीरानं ऐकलं तर.

"जावईबापू, रडू का थोडी?"

"नको आई, डोकं दुखतंय फक्त."

"डोकं दुखलं की मला रडू येतं."

"मग डोळ्यांत पाणी चालेल. आवाज नको."

समिती आली. अध्यक्ष हृदयाचे मोठे डॉक्टर, नाव झालेलं, दिसायला रुबाबदार. बसायला खुर्च्या पुरेनात म्हणून मी चादरींच्या फळीला टेकून उभा. धडा सुरू झाला. स्वेटरवाली नर्स मूळची आपल्याकडचीच, तिनं मराठीत विचारलं, "काय होतंय, आजी?" आमच्या हिनं कपाळाला हात लावला. असा लावला की मीच घाबरलो. "डोकं दुखतं गं बाई. सकाळी उठलं की चूल पेटल्यासारखं..."

"बीपी आहे?" अध्यक्ष मध्येच म्हणाले.

मॅडमनी टेबलाखालून जावईबापूंना ढोसलं. जावईबापूंनी लॅपटॉपखालचा ग्रंथ सरळ केला. आमच्या घरी दुसऱ्यांदा भात हवा असला तरी हा माणूस भांड्याकडे बघत बसतो, मागत नाही.

हिनं परत सुरू केलं. "बीपी नाही हो, पण काय होतं, मी दिवा लावून बसले की..."

"उलट्या? चक्कर? नाही ना? झालं तर मग. डोक्याचं स्कॅनिंग करून टाका, तोवर ही गोळी." अध्यक्षांनी सवयीनं खिशातून पेन काढलं आणि गोळी लिहूनसुद्धा दिली. धडधाकट बाईला, खोट्या दुखण्यासाठी, खरी गोळी!

आणि हिचं काम बघा. मोठ्या डॉक्टरपुढे पेशंट जे करतो तेच हिनं केलं. "बरं, तुम्ही म्हणाल तसं," म्हणाली, पिशवी उचलली आणि चालू लागली. दाराबाहेर जाऊन उभी राहिली. खरं दुखणं तिच्याबरोबर बाहेर गेलं.

अध्यक्ष घड्याळ बघून हसले. "बघा, आटोपलं. यात वर्षभर शिकवण्यासारखं आहे काय?"

समितीतले बाकीचे दोघेही हसले. टक्केसर आकड्यांचा कागद काढत होते, त्यांनी तो परत खिशात घातला. पडद्यावरच्या सगळ्या चौकटी जावईबापूंकडे बघत होत्या. अध्यक्षांच्या म्हणण्याला हो म्हटलं तर वर्ग गेला. नाही म्हटलं तर अध्यक्ष दुखावले, म्हणजे वर्ग गेलाच. आणि गप्प बसलं तर वर्षभर जे शिकवलं ते त्या पोरांसमोर खोटं ठरलं. जावईबापूंच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मी तिथून बघत होतो.

शेवट काय झाला ते आधीच सांगतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. वर्ग एक वर्षाच्या बोलीवर राहिला. खोली गेली. आता ते कँटीनच्या वरच्या मजल्यावर शिकवतात, आणि जगभरच्या पोरांना खाली कपबश्या विसळलेल्या ऐकू येतात. मॅडम म्हणतात, अध्यक्षांनी शेवटी सही केली ती रागानं की लाजेनं, ते काही कळलं नाही.

पण त्या वेळी, सगळ्या चौकटी जावईबापूंकडे बघतायत हे पाहून अध्यक्षांनी खुर्ची मागे सारत विचारलं होतं, "बोला डॉक्टर, काय चुकलं माझं?" त्यावर आमच्या भात न मागणाऱ्या जावयानं हात जोडून दिलेलं उत्तर शब्दाला शब्द असं:

"सर, तुमचं काहीच चुकलं नाही. तुम्ही बाईंना तपासलंत, पण आजारी त्यांचे यजमान आहेत. बाईंना नीट दिसत नाही, त्यामुळे ते रोज चुकीची गोळी घेतायत. एवढंच सांगायला त्या आल्या होत्या, आणि आता घरी जाऊन त्या तुमचीही गोळी त्यांनाच देतील."