सहमची दोन काडतुसं

बाबा गावी परत निघाले, त्या दिवशी मस्कतच्या विमानतळावर त्यांच्या बॅगेत दोन काडतुसं सापडली. विमान त्यांना न घेता गेलं.

आम्ही दोघं त्यांना सोडून बौशरला घरी पोहोचत होतो. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा नवऱ्याचा फोन वाजला. तो नुसता ‘येस, येस’ म्हणत राहिला आणि पुढच्या वळणावरून त्यानं गाडी मागे वळवली. मला वाटलं, पासपोर्ट राहिला असेल.

हे लिहायला मला बरीच वर्षं लागली. आताही एका बैठकीत लिहून होत नाही. दोन परिच्छेद झाले की मी उठते आणि काहीतरी आवरत बसते.

माझे वडील कोकणातल्या एका खेड्यातले. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, आणि घरामागच्या डोंगरउतारावर काजू, केळी, थोडे माड. बाग राखण्यासाठी त्यांच्याकडे बारा बोअरची बंदूक होती, शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची. डुकरं रात्रीत केळीचे कंद उकरून टाकत, माकडं काजूची बोंडं पिकायच्या आत खाली पाडत. बंदूक त्यांनी शिकारीसाठी कधी वापरली नाही. एक बार हवेत काढायचा आणि आत येऊन चहा मागायचा, एवढंच.

मी लग्न होऊन ओमानला आले, तोवर काडतूस ही विचार करायची गोष्ट नव्हती. जिल्ह्याच्या गावी एक दुकान होतं, तिथून बाबा वर्षाची काडतुसं एकदम आणत. मग कधीतरी फोनवर त्यांच्या बोलण्यात तो विषय यायला लागला. दुकानदार म्हणतो वरून माल येत नाही. आला तर परवान्यावरच्या आकड्याच्या निम्मीच देतो. भाव तर दर खेपेला नवा. जुनी काडतुसं कोकणातल्या दमट हवेत फुगतात, मग नळीत बसत नाहीत, म्हणून बाबा ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचे आणि आई भात करायला तांदूळ काढताना चिडायची.

एकदा त्यांनी मलाच विचारलं.

“बाय, तुमच्या थंय काडतुसां गावतत काय गो? बघ तरी.”

“बाबा, अत्तर सांगा, खजूर सांगा. काडतुसां काय सांगतास?”

“लोकांची चेडवां सोन्याच्यो बांगड्यो धाडतत. माका बांगड्यो कित्याक होये? विचारूक काय जाता.”

मी हसले, ते हसले. पण नंतर आईनं फोन घेऊन हळूच सांगितलं, की आता ते रिकामी बंदूक खांद्याला लावून बागेत फिरतात. तिनं त्यांना टोचलं होतं, तेव्हा म्हणाले होते, “रिकामी हा ती डुकराक खंय म्हायती?” आईला ते विनोदी वाटलं होतं. मला रात्रभर त्या उतारावर फिरणारा माझा म्हातारा बाप दिसत राहिला.

त्या हिवाळ्यात जिल्हा परिषदेच्या निवडणुका आल्या. निवडणूक लागली की आमच्याकडे परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. बाबा दर वेळी कुरकुरत जमा करून येत. या वेळी मी म्हटलं, बंदूक ठाण्यात आहे तोवर इकडे या. माझ्या सगळ्या आर्जवांना इतकी वर्षं नाही म्हणणारा माणूस या एका मुद्द्यावर तयार झाला. “बंदूक थंय, मगे मी हंय रवान काय करू?” आई गोठ्यासाठी मागे राहिली.

ते आले आणि बौशरच्या आमच्या फ्लॅटमध्ये पहिले काही दिवस अगदी अवघडून राहिले. बाल्कनीतून मॉलची मागची भिंत दिसे. तिच्याकडे बघत वर्तमानपत्र वाचत. मग माझ्या नवऱ्यानं त्याच्या अर्बाबला, म्हणजे कंपनीच्या ओमानी मालकाला, सहज सांगितलं की सासरे शेतकरी आहेत, इथे कंटाळलेत. अर्बाबनं लगेच आम्हाला सहमला बोलावलं. त्याच्या वडिलांची तिथे किनाऱ्यालगत बाग होती.

ते वडील बाबांच्याच वयाचे. लिंबाची झाडं, खजूर, गुरांसाठी गवत, थोड्या शेळ्या. जुन्या काळी मुंबईशी व्यापार केलेला, म्हणून त्यांना मोडकं हिंदी येत होतं, आणि बाबांचं हिंदी तर त्याहून मोडकं. जेवण झाल्यावर म्हाताऱ्यानं आतून बंदूक आणली. कोल्हे शेळ्यांची पिल्लं नेतात, म्हणाला. बाबांनी दोन्ही हातांनी ती घेतली, आधी उघडून नळ्या रिकाम्या आहेत का पाहिलं, मग उजेडाकडे धरून आतून पाहिलं. म्हातारा मान डोलावत होता. माणूस बंदूक हातात कशी घेतो यावरून त्याला काय कळायचं ते कळलं असावं.

“शेख, एक काडतूस कितने का?” बाबांनी विचारलं.

“पहले रखीस, बाबा. सस्ता. अब वाजिद गाली.” म्हाताऱ्यानं हात आभाळाकडे नेऊन भाव किती चढलाय ते दाखवलं. “दुकान जाओ, बोलता मा फी. पुलिस का कागद ले के जाओ, तो भी मा फी.”

मा फी म्हणजे नाही, शिल्लक नाही. बाबांना तो शब्द एवढ्यात पाठ झाला होता. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “म्हणजे हंय पण तीच बोंब. आणि मी तुझ्याकडे मागी होतंय.”

मग ते दोघं आम्हाला विसरूनच गेले. तासभर ते खाटेवर बसून काडतुसांबद्दल बोलत होते. ओल कशी लागते, जुनं काडतूस उडेल की नाही हे कसं ओळखायचं, बार न काढता जनावर कसं हाकलायचं. म्हातारा कोल्ह्याचा आवाज काढून दाखवी, बाबा डुकराचा. घरातल्या बायका पडद्याआडून हसत होत्या. इतक्या वर्षांत मी बाबांना एवढं मोकळं बोलताना पाहिलं नव्हतं.

निघताना रीतीप्रमाणे खजुराचा डबा मिळाला, लिंबांची पिशवी मिळाली. तिथे पाहुण्याला ज्या गोष्टीची चणचण आहे ती यजमानाच्या घरात असली, तर न देता त्याला पाठवणं हा यजमानाला कमीपणा वाटतो. हे मला माहीत होतं, पण कपड्यालत्त्याच्या, अत्तराच्या बाबतीत. म्हाताऱ्यानं स्वतःजवळची दोन काडतुसं बाबांच्या मुठीत दाबली, तेव्हा आम्ही गाडीत सामान ठेवत होतो. आम्ही ते पाहिलं नाही. बाबांनी नको म्हटलं असणार, आणि म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवला असणार. त्यापुढे बाबा बोलू शकले नसते.

त्यांनी ती लपवली नाहीत, हे मला ठासून लिहायचं आहे. त्यांनी ती कागदात गुंडाळून बॅगेत सगळ्यात वर ठेवली, आणि शेजारी स्वतःचा परवाना ठेवला. बंदूक ठाण्यात असली तरी परवान्याचं पुस्तक ते कायम जवळ बाळगत, मस्कतलाही ते घेऊन आले होते. बारा बोअरचा परवाना आहे, काडतुसं बारा बोअरची आहेत, मग कुणी विचारलं तर दाखवायचं. आयुष्यभर कागद नीट ठेवणाऱ्या माणसाला वाटलं, कागद नीट आहेत.

विमानतळावरच्या पोलीस चौकीत मला त्यांना भेटू दिलं तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले होते. समोर चहा होता, अधिकारी तरुण होता आणि सभ्य होता.

“लायसन दाखयलंय मी तेंका,” बाबा म्हणाले. “मी काय लपवक नाय. तू सांग तेंका.”

मी सांगितलं. नवऱ्यानं सांगितलं. अधिकारी मराठीतलं आणि इंग्रजीतलं ते पुस्तक उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, इन्शाल्ला, बुकरा. उद्या. दुसऱ्या दिवशीही बुकराच होतं. मी घरून डबा नेत होते, आणि तो आत जातो की नाही हे मला कळत नव्हतं. आईला फोनवर मी सांगितलं की विमान रद्द झालं. तिनं विचारलं, कुठलं विमान इतके दिवस रद्द होतं?

शेवटी सहमचा म्हातारा मुलाला घेऊन स्वतः आला. अंगात पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, हातात काठी. म्हणाला, काडतुसं माझी, मी दिली, हा माझा पाहुणा. त्याच्या जबाबामुळे बाबांना दंड करून सोडलं आणि परत पाठवलं. पण त्यानं परवान्यावरची काडतुसं दुसऱ्याला दिली होती, म्हणून चौकशीसाठी त्याची बंदूक ठेवून घेतली. बाहेर आल्यावर बाबांनी त्याचे हात धरले. म्हातारा एवढंच म्हणाला, “माफ करो, बाबा.” त्याची बंदूक त्याला परत मिळाली का, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

गावी निवडणूक उरकली होती. बाबा बंदूक सोडवायला ठाण्यात गेले. साहेबांनी सहज विचारलं, मास्तर, एवढे दिवस कुठे होतात, सगळे आपापल्या बंदुका घेऊन गेले. बाबांनी घडलेलं सगळं सांगितलं. काहीही विचारलेलं नसताना सांगितलं, दंडाची पावतीसुद्धा दाखवली. साहेबांनी पावती परत दिली. मग म्हणाले, “मास्तर, हे तुम्ही मला सांगायला नको होतं. आता मला वरून विचारावं लागेल.”

वरून उत्तर आलं नाही. बाबा दर आठवड्याला एसटीनं तालुक्याला जात आणि परत येत. मी फोन केला की आधी तेच विचारी. “सायब बघतंय म्हणालो,” एवढं ते सांगत. मग मी विचारणं सोडलं, कारण माझ्या विचारण्यानं त्यांना पुन्हा एकदा नाही म्हणावं लागायचं. कुणाला तरी भेटून काम होईल, असं नवऱ्यानं सुचवलं. बाबा म्हणाले, कागद गेलाय, कागदाच्या वाटेनं उत्तर येऊ दे. सहा हजार रुपये घालून बागेला तारेचं कुंपण घालू, असंही मी म्हटलं. त्यांनी हिशेब केला, तेवढ्यात एक बाजूही होत नव्हती. मी पैसे पाठवते म्हटलं तर त्यांनी फोन आईकडे दिला.

पावसाळ्यानंतर डुकरांनी केळीची लावणी पुरती उकरली. बाबा पत्र्याचा डबा वाजवत जात. आई सांगायची, डुकरं आता डब्याला हलतसुद्धा नाहीत, मान वर करून बघतात आणि पुन्हा उकरतात. पुढच्या काजूच्या हंगामात बाबा बागेत गेलेच नाहीत. पडवीत बसून असत. शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणत, यंदा झाडांना विश्रांती.

त्याच वर्षी त्यांना झोपेत मरण आलं. मला तिकीट मिळून मी पोहोचले तेव्हा सगळं झालेलं होतं. तेराव्यानंतर मी तालुक्याच्या ठाण्यात गेले. हवालदारानं कोठीतून बंदूक बाहेर आणून दाखवली. गळ्यात बाबांच्या नावाची चिठ्ठी बांधलेली होती, नळीला गंज धरला होता. वारसाच्या नावावर परवाना होऊ शकतो, म्हणाला, पण वारसानं गावात राहायला हवं. मी पाहिली आणि परत दिली.

आई आता आमच्याकडे बौशरला असते. गुरं विकली. बाग तिथेच आहे, तिच्यात आता कुणी जात नाही. बंदूक अजून ठाण्यात आहे.