नळीवरचा डबा

आमच्या घरात अंघोळीचं पाणी तापायच्या आधी आईचे डोळे तापायचे. बंबात ओली लाकडं आणि न्हाणीभर धूर. मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांनी तिला बजावलं, "आता धूर नाही म्हणजे नाही."

घराण्यातला पहिला पदवीधर मी (बी.एस्सी., तीही एका दमात). गुलमंडीच्या बाजारातून गॅस गिझर आणला, तोही दुहेरी नळीचा. नळीत नळी. बाहेरच्या नळीतून छपरावरची ताजी हवा खाली येते, आतल्या नळीतून जळका वायू वर जातो. न्हाणीत काहीच पसरत नाही. आईला मी आकृती काढून समजावलं.

"म्हंजी नाक बी तेच अन् धुराडं बी तेच," आई म्हणाली.

तीन दिवस झकास गेले. चौथ्या सकाळी न्हाणीतून हाक आली, "बाबू, हे इझलं रं."

पेटवला. विझला. सिलिंडर बदललं. विझला. दुकानदाराला फोनवर सुनावलं, "पदवीधर गिऱ्हाइकाला फसवता?" तोवर आई ओल्या केसांनी लाकडं काढायला निघाली.

"आई, डोळे जातील तुझे."

"मंग काय गार पाण्यानं मरू? बंबाला डिगरी लागत नाय."

तेवढ्यात दुकानातून सलीम मिस्त्री आला. गिझरकडं न बघता तो थेट शिडीनं छपरावर चढला.

"साब, ये डब्बा कौन रख्या?"

डबा माझाच. गावी, देवगाव रंगारीत, आमच्या मातीच्या माळवदाला धूर जायला भोक होतं. आभाळ आलं की पळत जाऊन त्यावर डबा उपडा घालायचा, हे लहानपणापासून माझं काम. आदल्या संध्याकाळी आभाळ आलं होतं. (डबा तुपाचा. नळीवर फिट्ट बसला होता.)

"शुकर करो," मिस्त्री उतरत म्हणाला, "दोहरी नली थी. हवा नई मिली तो बुझ गया. बिना नली का होता तो जला हुआ गॅस अंदरच भरता. अम्मा को चक्कर आती, अंदरच पड जाती."

मी तिथंच पायरीवर बसलो.

"गॅस शाना हाय," आई म्हणाली. "तुझ्यापरास लई."

डबा निघाला, ज्योत निळी झाली, आईनं डोळे न चोळता अंघोळ उरकली.

अजूनही आभाळ आलं की ती आधी मला खाली बसवते, मग छपरावरचं वाळवण काढते. बंब मोडीत गेला. आईचे डोळे शाबूत आहेत, आणि त्यात बी.एस्सी.चा वाटा शून्य.