कासव विहिरीत उतरतं

छतातले काका घरी जवळजवळ मुके होते. बायको म्हणायची, "दिवसभर त्या छताला बोलता आणि घरी आलात की तुमचीच भिंत होते." त्यावर ते नुसते हसायचे आणि मान खाली घालून जेवायचे. त्यांची सगळी बडबड कामावरच खर्च होते हे तिलाही ठाऊक होतं, पण म्हणून काय टोमणा मारायची संधी सोडायची?

काम होतं इस्पितळाच्या तळघरात, किरणांनी गाठी जाळणाऱ्या मोठ्या यंत्रावर. लोक त्याला 'शेक' म्हणतात, आणि त्यात उबेचा मागमूसही नसतो. शेक चालू असताना पेशंटजवळ कुणीही थांबायचं नाही. आई नाही, डॉक्टर नाही, कुणीच नाही. जाड दार बंद होतं आणि काका बाहेर पडद्यासमोर बसून आतलं बघतात. गाठ डोक्यात असेल तर डोकं केसभरही हलून चालत नाही, म्हणून गरम पाण्यात मऊ केलेल्या जाळीचा चेहऱ्यावर दाबून मुखवटा करतात आणि तो टेबलाला खटाखट अडकवून टाकतात. त्या खटक्यांनी भले भले बाप्ये गळपटतात, तिथे पोराटोरांची काय कथा.

फार वर्षांपूर्वी असंच एक पोर आत एकटं आकांत करत होतं, तेव्हा काय करावं ते न सुचून काकांनी माइकचं बटण दाबलं आणि तोंडाला येईल ते बोलायला लागले. तोंडाला आलं कासव. का आलं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. पोर मात्र ऐकता ऐकता गप्प झालं. तेव्हापासून छतातल्या स्पीकरमधून कासव रोज बोलायला लागलं आणि तंत्रज्ञसाहेबांचे छतातले काका झाले.

गोष्ट अशी. एका गावाच्या विहिरीत कुठलंसं मूळ शिरलंय आणि सगळं पाणी पितंय. कासवाने ते उपटायचं ठरवलंय. मुखवटा म्हणजे त्याची टणक पाठ. यंत्र घुमायला लागलं की विहिरीतला वारा सुटला, कासवाने पाठीत शिरून अगदी निपचित राहायचं. वारा थांबला की एक पायरी खाली. रोजची गोष्ट रोज अर्धी तुटायची, आणि ती पुढे फक्त त्या टेबलावर पडल्यावरच ऐकायला मिळायची. बाहेर कुणी कितीही लाडीगोडी लावली तरी काका एक अक्षर काढत नसत. त्यामुळे पोरं दुसऱ्या दिवशी आईच्या आधी दारात हजर. शेवटच्या दिवशी मूळ उपटलं जायचं, विहीर भरायची, आणि पोराला मुखवटा घरी न्यायला मिळायचा.

कासवीणबाईलाही मिळाला होता. हे नाव काकांनीच ठेवलेलं. सात वर्षांची, बोलायला फटकळ, चालताना डावीकडे जराशी कलणारी. तिने मुखवटा हिरवा रंगवून भिंतीवर टांगला होता. शेवटच्या दिवशी तिने माइकमधून ऐकू जाईल अशा आवाजात, जबडा न हलवता विचारलं होतं, "परत उगवलं तर?" आणि काका, पडद्यावर ते इवलंसं शरीर बघत, म्हणून गेले होते, "कधीच नाही उगवणार. कासवाने शब्द दिलाय."

इतर पोरांनी हा प्रश्न विचारला नव्हता. काकांनी असा शब्द गोष्टीत कधी दिला नव्हता. त्या दिवशी जीभ घसरली, बस्स.

वर्ष फिरलं आणि गाठ परत आली.

डॉक्टरीणबाईंनी काकांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. गाठ डोळ्याच्या नसेला टेकली होती. उशीर झाला तर नजर जाणार, आणि पुढचं बोलायला नको. छातीत कफ इतका साठला होता की रोज भूल देऊन झोपवणं जमणारं नव्हतं. पोरीने जागेपणी, स्वतःहून निपचित पडायला हवं होतं. बाई म्हणाल्या, "तुमचं ऐकते ती."

पहिल्या दिवशी ती आत आली, टेबल बघितलं आणि काकांकडे बघितलं. "तुम्ही खोटं बोललात," म्हणाली. मग नवा मुखवटा तोंडाजवळ नेताच तिने जे हातपाय झाडले, की चौघांनाही ती आवरेना. काकांनी बाहेर येऊन माइक धरला, "कासवीणबाई," म्हणाले, आणि छताकडे बघून ती अशी किंचाळली की त्यांनी बटण सोडून दिलं. तो दिवस फुकट गेला. दुसराही तसाच गेला. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. उद्याही नाही जमलं तर भूल द्यावी लागेल, म्हणाल्या, आणि मग त्यातून जे होईल ते होईल.

बाहेरच्या बाकावर तिची आई बसली होती. तिने उठून काकांची बाही धरली.

"घरी तो हिरवा मुखवटा तिने पायाखाली तुडवला, दादा. मी तुकडे गोळा केले." तिने बाही आणखी घट्ट धरली. "तुम्ही तिला परत सांगा ना. या वेळी नक्की जाईल म्हणा. देवाशपथ म्हणा. खोटं असलं तरी चालेल मला. पण तिला तिथे झोपवा."

काका 'हो' म्हणाले. नाही कसं म्हणणार होते? पण घरी ताटावर बसल्यावर घास तोंडात फिरायला लागला. बायकोने टोमणा मारला नाही. नुसतंच विचारलं, "कोण पोर आहे?" त्यांनी सांगितलं. "मग आता शब्द द्याल?" ती म्हणाली. शब्द दिला तर पोर कदाचित आडवी होईल. आणि परत खोटा ठरला तर? तोपर्यंत ती ऐकायला असेल का, हा विचार मनात आला आणि त्यांना स्वतःची किळस वाटली.

सकाळी ते माइकपाशी न बसता आत गेले. पोर टेबलाच्या कडेला पाय सोडून बसली होती, मुठी आवळलेल्या. आई दारात उभी. काका स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. तोंडाशी तो शब्द तयार होता. आईच्या नजरेला तोच हवा होता.

"कासवाने शब्द दिला होता," पोर म्हणाली.

"हो."

"कासवाने नाही. तुम्ही."

"मी," काका म्हणाले. "मला माहीत नव्हतं, तरी दिला. चुकलं माझं."

आईने तोंडाला पदर लावला.

पोर खाली बघत राहिली. मग विचारलं, "आता मूळ जाईल?"

काकांचं आयुष्यभर तोंडाला येईल ते बोलून भागलं, आज काहीच येत नव्हतं. "माहीत नाही," ते म्हणाले. "कासव परत उतरतंय एवढंच मला माहीत आहे. भीती वाटतेय त्याला. मलाही वाटतेय."

आईने भिंतीला डोकं टेकलं होतं. सगळं हातचं गेलं, असं काकांना वाटलं.

"तुम्ही बाहेरच बसणार ना," पोर म्हणाली, "माइकपाशी?"

"तिथेच. बटणावर बोट ठेवून."

"मधेच थांबायचं नाही. आणि 'कधीच' म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

ती आपली आपण आडवी झाली. खटके एकेक करून लागले, प्रत्येकाला तिची बोटं आखडत होती. दार बंद झालं. काकांनी बटण दाबलं. आवाज कापत होता, तो त्यांनी कापूच दिला. वारा सुटला. कासव पाठीत शिरलं. पायऱ्या निसरड्या होत्या, अंधार होता, कासवाला वर काही दिसत नव्हतं आणि खालीही नाही. पुढे काय ते काकांना ठाऊक नव्हतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. पडद्यावरचं शरीर हललं नाही. केसभरही नाही.

शेक संपला. काका धावतच आत गेले, खटके काढले, मुखवटा उचलला. तिच्या गालांवर, कपाळावर जाळीच्या चौकटी उमटल्या होत्या. डोळे ओले होते.

"पाणी दिसलं का?" तिने विचारलं.

काकांनी दाराकडे बघितलं. आई मान हलवत होती, हो म्हणा, हो म्हणा.

"नाही," काका म्हणाले. "अजून नाही दिसलं."

पोरीने त्यांच्याकडे बराच वेळ निरखून बघितलं.

"बरं," म्हणाली, आणि खाली उतरवून घ्यायला दोन्ही हात पुढे केले.